मांजर आपले, मग जखम कोणाची?

मित्रांनो, मागे याच भित्तिपत्रकात ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर आपण सर्वांनी लिहिले होते. कुणी बैलावर लिहिले, कुणी गाईवर, कुणी कुत्र्यावर. सरड्यावर कुणीच लिहिले नाही. मीही नाही. मी आमच्या मनी मांजरीवर लिहिले होते. ती कांद्याच्या चाळीतले उंदीर कशी मारते, थंडीत माझ्या गोधडीत कशी शिरते, हे सगळे लिहिले. गुरुजींनी ‘छान’ असा शेरा दिला. पण एक गोष्ट मी त्या लेखात मुद्दाम लिहिली नव्हती. ती आज लिहिते, म्हणजे माझे मत तुम्हाला नीट समजेल.

गोष्ट मागच्या पौषातली. आपल्या निफाडकडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात रोज तापमान मोजतात. कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि मग आपल्या तालुक्याचे नाव पेपरात येते. तशाच एका सकाळी मी ओट्यावर उन्हाला बसले होते. मनी कुंपणाकडून आली. तिच्या तोंडात सरडा होता. तिने तो माझ्यासमोर ठेवला. तो दोन पावले सरकला की ती त्याच्यावर पंजा ठेवी. परत सोडी, परत धरी. खात मात्र नव्हती.

खरे सांगते, मला आधी मजा वाटली. मी धाकट्या भावाला हाक मारून ती गंमत दाखवली. मग तो सरडा तोंड उघडे टाकून एका जागी बसला आणि त्याचा एक डोळा माझ्याकडे फिरला. तेव्हा कुठे मला कसेसेच झाले. मी मनीला हाकलले. सरड्याच्या पोटाजवळ सुईने टोचल्यासारखी दोन बारीक भोके होती. रक्त जवळजवळ नव्हतेच. मला वाटले, एवढंसं तर लागलंय, होईल बरा.

मग मी डॉक्टरीण झाले. तेलात हळद कालवून जखमेवर थापली. जुन्या लुगड्याची चिंधी पोटाला घट्ट बांधली. कापसाच्या बोळ्याने तोंडात दूध पिळले. पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा चुलीजवळ सरकवला. आळीतली सगळी पोरे बघायला आली. प्रत्येकाने झाकण उघडले, प्रत्येकाने बोट लावले. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तो लाकडासारखा ताठ झाला होता. आजी म्हणाली, “मेलं ना ते? टाक उकिरड्यावर.” मी उकिरड्यावर टाकला नाही. लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला. पण खड्डा करताना माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला मनीने मारले, की मी?

याचे उत्तर मला आठ महिन्यांनी मिळाले. भाद्रपदात मनीने एक सापसुरळी धरली. सापसुरळी तुम्ही पाहिली असेल. अंग तेल लावल्यासारखे चकचकीत, पाय एवढेएवढेसे. आमच्या आळीत तिला सापाची मावशी म्हणतात. मांजर तर वाघाची मावशी. म्हणजे एका मावशीने दुसऱ्या मावशीला धरले होते. सापसुरळीची शेपटी तुटून बाजूला वळवळत होती, आणि मनी तिच्याकडेच बघत बसली होती. तेवढ्यात मी सापसुरळीवर कापड टाकले. या वेळी हळद लावली नाही, दूध पाजले नाही. आबांच्या मागे लागून मोटारसायकलवरून तिला गुरांच्या दवाखान्यात नेले.

तिथे म्हशी होत्या, शेळ्या होत्या. मी खोके घेऊन रांगेत उभी राहिले, तर लोक हसायला लागले. डॉक्टरसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी सापसुरळी भिंगातून पाहिली. पाठीवर दाताची खूण होती. औषध किती द्यायचे हे विचारायला त्यांनी नाशिकला कुणाला तरी फोन केला. मग अगदी थोडे औषध बारीक सुईने टोचले. आणि मला जे सांगितले, ते मी जन्मात विसरणार नाही.

ते म्हणाले, “मांजरीचे दात बारीक आणि लांब असतात. जखम वरून टिकलीएवढीही दिसत नाही, पण आत खोल गेलेली असते. मांजरीच्या तोंडात जंतू असतात. वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत कोंडले जातात. दोन-तीन दिवसांत ते रक्तात पसरतात. मग माणसं म्हणतात, काल तर चांगला होता, आज कसा मेला? म्हणून मांजरीनं धरलेला प्राणी वरून धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी औषध मिळालं पाहिजे.”

मी भीत भीत हळदीचे विचारले. ते म्हणाले, “हळद चांगलीच, पण आत शिरलेल्या जंतूपर्यंत ती जात नाही.” मग दुधाचे विचारले. ते म्हणाले, “सरडा कधी दूध पितो का? त्याच्या श्वासाचं भोक जिभेच्या अगदी मागेच असतं. जबरदस्तीनं ओतलेलं पोटात न जाता छातीत जातं.” मी पुढे काही विचारले नाही. माझे उत्तर मला मिळाले होते. अर्धे मनीने मारले होते आणि अर्धे मी.

आता माझे मत सांगते.

आजी म्हणते, “एक जीव दुसऱ्या जीवावर जगतो. देवानंच तसं केलंय. तू कशाला मधे पडतेस?” आजीचे म्हणणे रानात खरे आहे. ससाण्याने सरडा उचलला, धामणीने गिळला, तर मी मधे पडणार नाही. ससाण्याला त्या दिवशी दुसरे जेवण नसते. पण मनीला सकाळी भाकरीचा काला मिळतो, संध्याकाळी भात मिळतो. ती पोट भरलेले असतानाही शिकार करते, कारण शिकार करणे तिच्या रक्तातच आहे. आणि रानात शिकारी किती असावेत हे रानच ठरवते. खायला कमी पडले की ससाणे कमी होतात. मांजरी तशा कमी होत नाहीत, कारण त्यांना आपण खायला घालतो. आमच्या आळीत दर घरी एक तरी मांजर आहे, आणि मांजर वर्षातून दोन-तीनदा विते. एवढ्या मांजरी देवाने आळीत सोडलेल्या नाहीत, आपण आणलेल्या आहेत. म्हणून मी म्हणते, मांजर आपले असेल तर तिने केलेली जखमही आपलीच. शेजाऱ्याच्या शेतात आपली शेळी शिरली तर भरपाई आपणच देतो ना? मग इथे हात झटकून कसे चालेल?

गुरुजींनी आम्हाला ऑस्ट्रेलियाची माहिती सांगितली. तिथे मांजरी मूळच्या नव्हत्या, बाहेरून आलेल्या लोकांनी नेल्या. त्यांतल्या कितीतरी रानात जाऊन रानटी झाल्या. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली हिशेब मांडला. मांजरी एका वर्षात सुमारे ६५ कोटी सरपटणारे प्राणी मारतात, म्हणजे रोज दहा लाखांहून जास्त. त्यांतले बरेचसे रानटी मांजरी मारतात, पण घरात पाळलेल्या मांजरींचाही वाटा आहेच. आपले गाव म्हणजे ऑस्ट्रेलिया नव्हे, हे मला कळते. पण बिबट्या उसात दिसला की वनविभागाची गाडी येते, पिंजरा लागतो, गाव गोळा होते. सरडा मेला तर त्याची मोजदाद कोण करतो? तो मोजलाच जात नाही, म्हणून तो कमी झाला हेही कळत नाही.

काही मुले म्हणतील, सरडा मेला तर बिघडले काय? तो घाणेरडा, तो रक्त पितो, तो मान हलवून आपल्याला चिडवतो. मीही असेच ऐकले होते. खरी गोष्ट अशी आहे. विणीच्या दिवसांत नर सरड्याचे डोके आणि गळा लाल होतो, तो माद्यांना दिसावा म्हणून. त्या लालीवरून लोकांनी ठरवले की तो रक्त पितो. मान हलवतो ती दुसऱ्या नराला सांगायला, की ही जागा माझी आहे. आपल्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. पाल आणि सापसुरळी विषारी आहेत असे म्हणतात, तेही खोटे. आपल्याकडच्या पाली, सरडे, सापसुरळ्या यांच्यात विष नसते. मात्र त्यांच्या अंगावर आणि लेंड्यांत जंतू असू शकतात. म्हणून हात लागला तर साबणाने धुवावा, एवढेच.

सरडा टोळ खातो, मुंग्या खातो, अळ्या खातो. पाल झुरळे आणि डास खाते. म्हणजे फवारणीचा पंप पाठीवर न घेता थोडे काम ते करतातच. पण खोटे कशाला लिहू? सरडा मधमाशीही खातो, आणि मधमाशी आपल्या कामाची आहे. मला वाटते, एखादा जीव आपल्या कामाचा आहे की नाही एवढ्यावरच त्याला वाचवायचे की नाही हे ठरवू नये.

अजून एक सांगते. गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे असतात. पठारावर, माळरानावर ते दगडावर बसून गळ्याचा पंखा उघडतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांच्या एका नव्या गटाला जगभर चालणारे शास्त्रीय नाव दिले. ते नाव कोणते, माहीत आहे? ‘सरडा’च! आपला मराठी शब्द उचलून त्यांनी तो पुस्तकात लिहिला. आणि आपण मात्र तो शब्द रंग बदलणाऱ्या पुढाऱ्याला शिवी म्हणून वापरतो. बिचारा सरडा रंग बदलतो तो ऊन, भीती आणि वीण यांमुळे. मतांसाठी नव्हे.

आता, मांजरीने सरडा, पाल किंवा सापसुरळी धरली तर काय करायचे? डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले मी वहीत उतरवले होते. ते इथे देते.

पहिले म्हणजे मांजरीच्या तोंडातून प्राणी ओढायचा नाही. ओढला तर जखम आणखी फाटते आणि मांजर आपल्यालाही चावते. टाळी वाजवा, थोडे पाणी शिंपडा, खायला दाखवा. ती सोडते. मग तिला खोलीत कोंडा. मांजर चावली किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. घरी लपवू नका.

दुसरे, मोठ्या माणसाला बोलवा. खाली पडलेला प्राणी सापसुरळी आहे की साप, अशी जराही शंका असेल तर हात लावू नका. घोरपड असेल तर मोठ्या माणसांनीही हात लावू नये. तिची नखे आणि जबडा दोन्ही भारी असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तिला मारणे किंवा घरी ठेवणे हा मोठा गुन्हा आहे. वनविभागाचा १९२६ हा फोन आहे. त्यावर कळवावे. नाशिकला म्हसरूळला वनविभागाचे जखमी वन्यप्राण्यांचे उपचार केंद्रही आहे.

तिसरे, प्राणी लहान असेल तर मऊ कापडाने सगळे अंग सावरून उचला. शेपटीला धरू नका. पाल आणि सापसुरळी भ्याल्या की शेपटी टाकून देतात. ती काही मिनिटे वळवळते, शत्रू तिच्याकडे बघतो आणि प्राणी पळतो. पुढे नवी शेपटी येते, पण तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते, आणि जुनीत साठवलेली चरबीही गेलेली असते. म्हणजे ती फुकट येत नाही. बागेतल्या सरड्याची शेपटी तर अशी परत येतच नाही.

चौथे, बुटाच्या खोक्याला भोके पाडा, आत कापड घाला, प्राणी ठेवा आणि झाकण लावा. अंधार आणि शांतता हेच त्याचे पहिले औषध. सरड्याचे अंग आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. तो ऊब बाहेरून घेतो. म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. त्याला हवे तर तो जवळ येईल, नको तर दूर जाईल. खोके उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. त्याची भट्टी होते. माझ्या पहिल्या सरड्याला मी पत्र्याच्या डब्यात चुलीजवळच ठेवले होते.

पाचवे, हळद, चुना, राख, रॉकेल, मलम काही नको. चिंधी बांधणे नको. तोंडात दूध, पाणी, किडे काही घालणे नको. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड हलकेच दाबून धरा, बस्स. आणि पोरांना दाखवायला झाकण उघडू नका. त्याला आपण सगळे मोठमोठी मांजरेच वाटतो.

सहावे, त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या. सरडा घेऊन आलात म्हणून कुणी हसले तर हसू द्या. बरा झाला की जिथे सापडला तिथेच, ऊन चढल्यावर, मांजर घरात कोंडून सोडा. आमच्या सापसुरळीला आबांनी आणखी दोनदा औषधाला नेले. आठव्या दिवशी आम्ही तिला बांधावरच्या दगडांत सोडले. तुटक्या शेपटीनिशी ती अशी सटकली की भावाला दिसलीसुद्धा नाही. सगळ्याच वाचतात असे नाही, हेही डॉक्टरसाहेबांनी सांगितले आहे.

पण औषधापेक्षा मुळात जखमच होऊ नये, हे बरे. त्यासाठी मला एक युक्ती सुचली आहे. माझे काका सातपूरच्या कारखान्यात आहेत. त्यांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात आणि घरात कुणी आवाज करायचा नसतो. मी म्हणते, मांजरीलाही रात्रपाळी द्या. उंदीर रात्री फिरतात. चाळीतले कांदे, कोठीतले धान्य राखायला मांजर रात्रीच हवी. सरडे आणि सापसुरळ्या मात्र रात्री झोपतात. सकाळी ते गारठलेले असतात. ऊन अंगात मुरेपर्यंत त्यांना नीट पळता येत नाही, आणि नेमके तेव्हाच मांजर त्यांना गाठते. म्हणून उजाडले की मांजरीला पोटभर खायला घालावे आणि दहा-अकरा वाजेपर्यंत घरात ठेवावे. पावसाळ्यात सरड्याची मादी भुसभुशीत मातीत खड्डा करून अंडी घालते. तेव्हाही ती एका जागी असते. तेवढे दिवस जास्त जपावे.

मी मनीला अशी रात्रपाळी लावली आहे. पहिले चार दिवस ती दाराशी ओरडली. मी दोरीला चिंधी बांधून तिच्याशी खेळले. तिची शिकारीची हौस थोडी त्यातच भागते. आता ती चूपचाप माझ्या दप्तरावर झोपते. तेव्हापासून तिने एकही सरडा धरला नाही, असे मी म्हणणार नाही. एक धरला. पाली रात्री हिंडतात, त्यांनाही थोडा धोका आहेच. पण त्या भिंतीवर उंच असतात, आणि पूर्वीपेक्षा खूपच फरक पडला आहे.

मनीला मी मारत नाही. तिचा दोष नाही. दोष असलाच तर तिला पाळून तिच्याकडे लक्ष न देणाऱ्याचा, म्हणजे माझाच.

आणि मित्रांनो, मनीला एवढे बोलले तर आपल्यालाही बोलले पाहिजे. मधल्या सुट्टीत कुंपणावरच्या सरड्याला दगड मारणारे हात मांजरीचे नाहीत. मनीला निदान कुणी शिकवलेले नाही. आपण तर शाळेत येतो.

आज शाळा बघायला आलेल्या पालकांना माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, मांजरीची पिल्ले वाढू नयेत यासाठी ऑपरेशन करता येते. गुरांच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. पिल्ले पोत्यात घालून नदीकाठी सोडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. दोन, तुमच्या मुलाने खोक्यात जखमी सरडा आणला, तर “टाक उकिरड्यावर” असे लगेच म्हणू नका. आबांनी त्या दिवशी मोटारसायकल काढली नसती, तर आमच्या लिंबाखाली आज दोन खड्डे असते.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हसून म्हणतो. पण कुंपण आपलेच आहे. तेवढी धाव तरी त्याला सुखाने घेता यावी, असे मला वाटते. एवढे लिहून मी माझा लेख संपवते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी